ओस्त्रावात विचारलेला प्रश्न

तारनाका, हैदराबाद
७ सप्टेंबर २०२५

चि. युवराज,

आशीर्वाद. यापुढे फोन नक्को. कानात यंत्र घातलं तरी तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही, आणि मी इकडून नुसता "हौ, हौ" म्हणत राहतो. मी कागदावर लिहीन, तुझी मामी फोटो काढून पाठवेल. तूही मराठीत लिही. चुका झाल्या तर होऊ देत, मी काही मास्तर नाही.

ज्या ओस्त्रावा शहरात तू नोकरीला गेलास, तिथे मी १९८६ साली कामगारांच्या शिष्टमंडळातून गेलो होतो. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवड झालेला मी एकटाच. तेव्हा तो देश चेकोस्लोव्हाकिया होता आणि राज्य कम्युनिस्ट पक्षाचं होतं. पुढची गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलास, तरी परत लिहितो, कारण तुला एक काम सांगायचंय.

तिथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात बैठक होती. मी उभा राहिलो आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे जे तुमच्या विरोधात आहेत, ते लोक कुठे बसतात?" आमच्या दुभाषी बाईंनी ते चेकमध्ये सांगितलं. डायरेक्टर हसला, बरंच बोलला. बाईंनी भाषांतर केलं, "सगळे एकाच खोलीत, एकाच टेबलावर बसतात. कुणाला वेगळी जागा नाही. सूपही सगळ्यांना एकच." युवराज, मी ते ऐकून अक्षरशः हात जोडले. विरोधकाला आपल्या टेबलावर बसवणारा देश! पुढे चाळीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक मीटिंगमध्ये सांगितली.

त्या बाईंचं नाव यार्मिला कुबीकोव्हा. तेव्हा तिशीच्या असतील. आहेत का बघ. असल्या तर माझा नमस्कार सांग.

तुझा
एकनाथमामा

●

ओस्त्रावा
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

सा. न. पहिलं वाक्य लिहायलाच मला दहा मिनिटं लागली. शाळा सुटल्यापासून मराठी लिहिलं नव्हतं. मोबाईलमध्ये बोलून टाइप करतोय, त्यामुळे कुठे काही विचित्र शब्द आला तर तो मोबाईलचा समजा.

बाई सापडल्या! त्या काळी इथे इंग्रजी येणारे फार नव्हते. माझ्या ऑफिसातल्या तेरेझाने तिच्या आईला विचारलं, तर आईला शाळेत इंग्रजी शिकवायला ह्याच होत्या. पोरुबा म्हणून भाग आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी बेल वाजवली, तुमचं नाव सांगितलं. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "एकनाथ. निळा स्वेटर. प्रश्न विचारणारा." मामा, एका सेकंदात!

फार बोलता आलं नाही, त्यांना कुठेतरी पत्रकं वाटायला जायचं होतं. पुढच्या शुक्रवार-शनिवारी इथे संसदेची निवडणूक आहे. शहरभर बोर्ड लागलेत आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. एका पक्षाचं नाव "हो" आहे, एकाचं "पुरे झालं". एक पक्ष मोटारवाल्यांचा, एक गावोगावच्या महापौरांचा, आणि एक चक्क पायरेट्सचा. कुबीकोव्हाबाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी जेवायला ये, मतपत्रिका टेबलावर पसरून सगळं समजावते.

मामींना नमस्कार.

युवराज

●

तारनाका
१ ऑक्टोबर २०२५

चि. युवराज,

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग शेजारच्या नामदेवरावांनाही. "निळा स्वेटर"! तो मामीनेच विणला होता. ती दिवसभर हसतेय.

पायरेट्स म्हणजे चाचे ना? त्या देशाला समुद्रच नाही, मग चाचे आले कुठून? आणि आमच्या लोकांचं काय ते लिही. आमचे म्हणजे कम्युनिस्ट. एवढं मोठं राज्य होतं त्यांचं, आता काय जोर आहे?

इथे काल खाली बतुकम्मा झाला, बायकांनी फुलांचे मनोरे रचून फेर धरला. त्या आधीच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मी तेराव्या वर्षी परत बिनविरोध अध्यक्ष होणार हे ठरल्यासारखंच आहे. पण चारुलता म्हणून एक बाई पुण्याहून आल्यात, आयटीवाल्या. त्या उठून म्हणाल्या, "काका, कमिटीचे निर्णय तुमच्या हॉलमध्ये का होतात? खाली सगळ्यांसमोर का नाही?" मी त्यांना ओस्त्रावाची गोष्ट सांगितली. म्हटलं, बाई, विरोध असा वेगळा उभा राहून करायचा नसतो, एका टेबलावर बसायचं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गप्प झाल्या.

मामा

●

ओस्त्रावा
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हे पत्र मोठं होणार आहे, चष्मा पुसून घ्या.

इथे मतदानाचं यंत्र नसतं. प्रत्येक पक्षाचा वेगळा कागद, त्यावर त्यांच्या उमेदवारांची नावं, आणि हा सगळा गठ्ठा आधीच घरपोच येतो. मतदाराने एक कागद उचलायचा, वाटल्यास त्यातल्या चार नावांभोवती गोल करायचा, पाकिटात घालून पेटीत टाकायचा. चारपर्यंत गोल करता येतात, म्हणजे पक्षाने खाली ढकललेला माणूसही लोक वर आणू शकतात.

कुबीकोव्हाबाईंचा धाकटा भाऊ कारेल पण आला होता. दोघं बहीणभाऊ वेगवेगळ्या पक्षांचे. बाईंनी टेबल पुसलं आणि पत्ते मांडावेत तसे कागद मांडले.

"हा उजव्यांचा," त्या म्हणाल्या. "कर कमी, सरकार लहान, बाजार मोकळा. पण एकट्याने जमत नाही म्हणून त्याच कागदावर ख्रिश्चन डेमोक्रॅट बसलेत, ज्यांना घर, गाव आणि चर्च महत्त्वाचं, आणि तिसरे ते, ज्यांना युरोपचा हात सोडायचा नाही. तिघांनी मिळून नाव ठेवलं 'स्पोलू', म्हणजे 'एकत्र'. गेली चार वर्षं सरकार चालवणाऱ्यांत हे मुख्य."

"आणि एकत्र येऊन महागाई आणली," कारेल म्हणाला. त्याने "आनो"चा, म्हणजे "हो"चा, कागद उचलला. तो पक्ष एका उद्योगपतीने काढला. सुरुवात भ्रष्टाचाराच्या विरोधात झाली, आता पेन्शन आणि वाढलेल्या किमती यांवर जोर आहे. मी विचारलं, डावा की उजवा? बाई म्हणाल्या, "दुकानासारखा. गिऱ्हाईक मागेल ते." कारेल म्हणाला, "गिऱ्हाईकाचं ऐकणं गुन्हा आहे का?" मग पाच मिनिटं दोघं चेकमध्ये इतक्या जोरात भांडले की मला वाटलं आता जेवण काही मिळत नाही. मिळालं. कारेलनेच वाढलं.

चाचे समुद्रातले नाहीत, मामा, इंटरनेटवरचे. सरकारची सगळी कागदपत्रं लोकांना उघडी हवीत, तरुणांना परवडेल असं घर हवं, असं त्यांचं म्हणणं. मोटारवाल्यांना पर्यावरणाच्या नावाखाली युरोपने घातलेले नियम नकोत. एक पक्ष बाहेरून येणाऱ्या लोकांच्या विरोधात आहे. तो कागद बाईंनी माझ्या हातातच दिला. म्हणाल्या, "हाही वाच. तुझ्याबद्दल आहे." मी वाचला. वाईट वाटलं, पण तो लपवला नाही हे मला आवडलं.

बाई स्वतः महापौर आणि अपक्षांच्या बाजूच्या. सगळं राजधानी प्रागमध्ये बसून ठरवू नका, गावाचं गावाला कळतं, असा त्यांचा विचार. त्यांनी दोन नावांना गोल केला, दोन्ही बायकांची, आणि आम्ही तिघं चालत शाळेतल्या केंद्रावर गेलो. भाऊ-बहीण हातात हात घालून आत गेले आणि एकमेकांची मतं खोडून बाहेर आले. मला तुमची फार आठवण आली.

आता तुमचे लोक. कम्युनिस्ट मागच्या निवडणुकीतच संसदेबाहेर गेले होते. या वेळी "पुरे झालं" या नावाच्या यादीत इतर डाव्यांबरोबर उभे होते, पण संसदेत जायला शंभरातली पाच मतं लागतात, तेवढी झाली नाहीत. "हो"वाले पहिले आले, कारेल खूश आहे. बाईंना मी विचारलं, कम्युनिस्ट पडले, तुम्हाला आनंद झाला का? त्या म्हणाल्या, "नाही. त्यांचा कागद माझ्या टेबलावर होता, एवढंच मला हवं होतं. ज्याला हरता येतं, तोच पक्ष."

तुमच्याबद्दलही खूप बोलल्या. म्हणाल्या, चाळीस वर्षं मनातल्या मनात तुमचा आदर करत आलेय. का, ते सवडीने लिहितो.

युवराज

●

तारनाका
९ ऑक्टोबर २०२५

चि. युवराज,

आमचे पडले, त्याचं वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. पण बाईंचा शेवटचा निरोप वाचला आणि छाती भरून आली. परक्या देशातली शिकलेली बाई चाळीस वर्षं माझा आदर करते! का करते, ते मला ठाऊक आहे. तिच्या देशाचं मोठेपण मी ओळखलं, भर बैठकीत हात जोडले, ते तिला भिडलं असणार.

डिसेंबरात सोसायटीची वार्षिक सभा आहे. तिथे मी ही गोष्ट नव्याने सांगणार, साक्षीदारासह. तू बाईंकडून दोन ओळी लिहून आण. चारुलताबाईंनाही कळू दे.

मामा

●

ओस्त्रावा
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

मागच्या पत्रात "सवडीने लिहितो" असं लिहिलं, ती टाळाटाळ होती. आता तुम्ही सभेत सांगणार म्हणता, तर मला गप्प राहता येत नाही. रागवा, पण पूर्ण वाचा.

मी बाईंना तुमची गोष्ट सांगितली. एक टेबल, एक सूप. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तो ही गोष्ट अशी सांगतो? किती सुंदर लपवलंय त्याने."

मी म्हटलं, "काय लपवलं?"

मग त्यांनी सांगितलं. त्या बैठकीत दाराजवळ एक माणूस बसला होता, जो कारखान्याचा नव्हता. कोण काय बोलतं ते टिपून घेणं हे त्याचं काम. विरोधात असणारे कुठे बसतात, याचं खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. काही तुरुंगात बसले होते, काही शिकलेले असूनही नोकरीवरून काढल्यामुळे बॉयलर पेटवत बसले होते. १९६८ साली इथे सोव्हिएत रणगाडे घुसले, त्यानंतर बाईंच्या वडिलांना पक्षातून काढलं होतं, त्यापायी कारेलला कॉलेजात घेतलं नाही. कागदावर आणखी एकदोन पक्ष होते म्हणे, पण सगळे एकाच यादीत, आणि यादी एकच. हा प्रश्न त्यांच्या तोंडून चेकमध्ये बाहेर पडला असता तर तुम्ही विमानात बसून परत आला असता, त्यांचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

म्हणून त्यांनी प्रश्न बदलला. डायरेक्टरला विचारलं, "पाहुणे विचारतायत, तुमचे कामगार जेवायला कुठे बसतात?" त्याने कँटीनचं वर्णन केलं. ते त्यांनी शब्दन् शब्द खरं भाषांतर करून तुम्हाला सांगितलं.

"आणि एकनाथने माझ्याकडे पाहिलं," त्या म्हणाल्या. "बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले आणि पूर्ण दौऱ्यात परत एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला कळलं की त्याला कळलंय. त्याने मला वाचवलं. त्या वर्षी मला भेटलेला तो सगळ्यात समजूतदार माणूस होता."

मामा, मी त्यांना काही बोललो नाही. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

युवराज

●

तारनाका
२६ ऑक्टोबर २०२५

चि. युवराज,

मी त्रिवेणीमामी लिहितेय. यांना न विचारता. तू असं काय लिहिलंस बाबा? दिवाळीत यांनी करंजीला हात लावला नाही. नामदेवराव आले तर झोपलोय म्हणून सांगायला लावलं. सकाळी उठून तारनाक्याच्या चौकापर्यंत जातात, बाकावर बसतात, परत येतात. कानातलं यंत्र काढून ठेवलंय, म्हणजे माझंही ऐकायला नको.

पत्र मी वाचलं नाही, त्यांनी ते छापून आणून उशीखाली ठेवलंय. वाचणारही नाही. पण खोटं काही लिहिलं नसशील एवढं मला माहीत आहे. काल मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पोराने हिंमत करून लिहिलंय, तुम्ही हिंमत करून उत्तर द्या." बघू.

जेवत जा वेळेवर. तिकडे थंडी पडली असेल.

मामी

●

तारनाका
३ नोव्हेंबर २०२५

चि. युवराज,

आधी मला तुझा राग आला. मग त्या बाईंचा. मग असं वाटलं की सोडून द्यावं, तिला माझ्याबद्दल चांगलं वाटतंय तर वाटू दे, कुणाचं काय जातं? मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही समजूतदार आहात असं एका बाईला वाटतं, त्यात काय बिघडलं? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं." हसायला आलं, आणि हसल्यावर जरा भूक लागली.

तर बाईंना असं सांग. मला काहीही समजलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो तो उत्तराने भारावून. पुढे प्रश्न विचारले नाहीत, कारण मला वाटलं, आता विचारायला उरलंच काय! ज्या धाडसासाठी त्या माझा आदर करतात, ते त्यांचं होतं. दाराजवळच्या माणसासमोर, घरी वडील-भावावर एवढं ओढवलेलं असताना, एका अनोळखी परदेशी माणसाला आणि स्वतःला एका वाक्यात सुखरूप बाहेर काढणं मला या जन्मात जमलं नसतं. मी त्यांना परत हात जोडतो. या वेळी समजून.

मी डावा आहे, डावाच राहणार. गरिबाच्या ताटात पडलं पाहिजे, हे माझं म्हणणं बदललेलं नाही. पण त्याच्या तोंडाला कुलूप लावून वाढता येत नाही, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी एका दुभाषी बाईकडून शिकावं लागलं.

काल संध्याकाळी मी चारुलताबाईंच्या दारात गेलो. त्या लॅपटॉपवर होत्या, घाबरून उठल्या.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

म्हटलं, "बरी आहे. डिसेंबरात तुम्ही माझ्याविरुद्ध उभ्या राहा."

"म्हणजे? तुम्ही सोडताय का?"

"नाही. मीही उभा राहणार, आणि पूर्ण जोर लावणार. तुम्हीही लावा. त्या दिवशी मी तुम्हाला गोष्ट सांगून गप्प केलं, ती गोष्ट खोटी निघाली."

त्यांनी मला आत बोलावलं. चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, अगदी दाराजवळच्या माणसापर्यंत. त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "काका, मी उभी राहीन. पण मी तुम्हाला सोडणार नाही हं, बारा वर्षांचा हिशेब विचारीन."

म्हटलं, "विचारा ना अम्मा. आता कानात यंत्र घालूनच येतो."

मामा

●

ओस्त्रावा
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

आज इथे सुट्टी आहे. १९८९ साली याच दिवशी पोरं रस्त्यावर उतरली आणि थोड्याच दिवसांत ते राज्य गेलं. बाई आणि कारेल चौकात मेणबत्ती लावायला निघाले होते, मीही गेलो. येताना ट्रामच्या स्टॉपवर मी तुमचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं.

"मला काहीही समजलं नव्हतं" हे वाक्य आलं आणि बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, कारेलने त्यांना धरून बसवलं. एक ट्राम गेली, दुसरी गेली.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याला भीतीच नव्हती. मला वाटत होतं, धोका ओळखून विचारणारा धीट माणूस आहे. पण ह्याच्या मनात आलंच नाही की असा प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या देशात तो रोजचा प्रश्न होता. युवराज, तेव्हा असा माणूस मी पाहिलाच नव्हता." डोळे पुसून म्हणाल्या, "त्याला सांग, मला मोकळा माणूस कसा दिसतो ते त्याच्यामुळे कळलं. तीन वर्षांनी, ८९ साली, मी त्या चौकात उभी राहिले तेव्हा मला तो स्वेटर आठवत होता."

कारेलने मला विचारलं की तुमच्या सोसायटीत कोण जिंकेल. मी म्हटलं, मामाच. तो म्हणाला, "त्यांना सांग, हरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर खायचं. मला अनुभव आहे."

युवराज

●

तारनाका
१४ डिसेंबर २०२५

चि. युवराज,

मी पडलो.

मागच्या रविवारी खाली, जिन्यासमोर, सगळ्यांसमोर मतदान झालं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पेटी म्हणून ठेवला, आणि चारुलताबाईंच्या आग्रहाने एका कोपऱ्यात चादर बांधली, म्हणजे कुणी कुणाचं बघायला नको. मी आधी भाषण केलं. ओस्त्रावाची गोष्ट सांगितली, पण खरी. नामदेवराव नंतर म्हणाले, "भाषण तुमचंच चांगलं झालं एकनाथराव, म्हणून तर लोकांना कळलं की बाईंना मत द्यायला हरकत नाही." आता याला काय म्हणावं!

फरक फार नव्हता, पण हार ती हार. त्या रात्री जरा जड गेलं, खोटं कशाला बोलू. सकाळी कारेलचं ऐकून इडली-वडा पोटभर खाल्ला. बराबर आहे त्याचं.

आज नव्या कमिटीची पहिली बैठक झाली, खाली, सगळ्यांसमोर. मी समोरच्या खुर्चीवर होतो. पाण्याच्या टँकरबद्दल एक प्रश्न विचारला. "पुढच्या रविवारी माहिती काढून सांगते, काका," असं म्हणून चारुलताबाईंनी ते लिहून घेतलं. अध्यक्ष असताना माझ्या एकाही शब्दाचं कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं.

बाईंना सांग, उन्हाळा सोडून कधीही या. कारेललाही आण. दोघांसाठी स्वेटरची लोकर मामीने आणून ठेवलीय.

एकच गोष्ट राहिली. मत कुणाला दिलं, म्हणून मी तुझ्या मामीला आठवडाभर विचारतोय. गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं, उस्मानिया बिस्किटं आणून विचारलं. बाईसाहेब सुया चालवत बसतात, माझ्याकडे बघतात आणि नुसत्या हसतात.

तुझा
एकनाथमामा